चित्राला वेळ लागतो

सोनाजीमामांसमोर ‘लाइन खराब आहे’ एवढं म्हणायची सोय नव्हती. मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आमच्या सेनगावात. लग्नाच्या पंगतीला बसलेत, पानावर बुंदी पडलीय, आणि समोरचा सहज बोलून गेला की आमच्या फोनवर लई खरखर येते बुवा, की मामा पानावरून उठलेच समजा. “खरखर म्हंजे? काहून येते? चला, दाखवा.” जनकामामी कपाळाला हात लावायची. हातातला घास टाकून दुसऱ्याच्या अंगणात शिडी लावणारा असा माणूस, रिटायर झाल्यावरही सुधारला नाही.

मी दीपमाला, त्यांची शेजारीण. आमच्या घरी मेंढरं, त्यांच्या घरी सरकारी पगार, आणि मधे एक भिंत. बारावी झाल्यावर माझं लग्न उरकायचं घाटत होतं, तेव्हा याच मामांनी माझ्या बापाशी भांडभांड भांडून मला परभणीला कॉम्प्युटर शिकायला धाडलं. आज बसस्टँडमागं माझा क्लास आहे आणि तालुक्यातली पोरं माझ्याकडून माउस धरायला शिकतात, ते त्यांच्यामुळं. म्हणून मामांनी हाक मारली की मी जायची. कुरकुरत जायची, तोंड वाजवत जायची, पण जायची.

आणि त्या वर्षी हाका लई यायच्या. “मॅडम, या बरं जरा. ते शोधूनच राहिलंय.”

ते म्हणजे कॉम्प्युटर, आणि तो शोधून राहिलाय म्हणजे वायफाय.

आता हे खूळ घरात आलं कशामुळं, ते सांगते. मामांची एकुलती एक लेक साक्षी. नर्सिंग केलं, परीक्षा दिल्या आणि आयर्लंडला गेली. आयर्लंड कुठं आहे हे आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मामी सांगायची, लंडनच्याबी पुढं, अजून एक पाणी ओलांडून. तिकडंच तिला पोरगं झालं, सम्यक. आणि जनकामामी कोण, तर अख्ख्या गल्लीची लेकरं न्हाऊ घालणारी बाई. आमच्या घरची, रखमाजी सुताराच्या घरची, कोणाचीही बाळंतीण असो, मामी पदर खोचून हजर. पायावर लेकरू घेतलं, कोमट पाणी ओतलं, की एकदा निरखून बघायची आणि निकाल द्यायची, हे आजोबावर गेलंय, हे मामावर गेलंय. तिचा निकाल कधी चुकायचा नाही. फक्त स्वतःच्या नातवाला तिनं पायावर घेतलं नव्हतं, आणि तो कोणावर गेलाय हे तिला सांगता येत नव्हतं. फोटो आले होते. मामी म्हणायची, “फोटोत सगळीच लेकरं सारखी. हललं पाहिजे, हसलं पाहिजे, तवा कळते.”

त्यातच तिचे डोळे जायला लागले.

आधी बाजूचं दिसेना. चालताना चौकट खांद्याला लागायची. सगळी गल्ली म्हणाली मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढून टाकू. आमच्याकडं हीच रीत, आंब्यासारखा डोळा पिकायची वाट बघायची. मामीनं वाट बघितली. मग नांदेडला नेलं तर डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं थेंब टाकून टिकेल तितकं टिकवायचं. येताना एसटीत मामी खिडकीशी बसून एकच वाक्य बोलली, “साक्षी कवा येणार?” साक्षीला लवकर सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. नोकरी नवी, लेकरू अंगावर.

मामांनी मग हिंगोलीहून कॉम्प्युटर आणला. कॅमेरा आणला. सेनगावच्या एक्स्चेंजला ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, ते घेतलं. दोन हजार आठची दिवाळी उलटून गेली होती. राउटरला मामा डबी म्हणायचे. डबी पुढच्या खोलीत, जिथं टेलिफोनची तार भिंतीतून आत यायची तिथं, आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत मामीच्या खाटेशी. मी म्हटलं, एवढ्याशा घरात वायफाय काय करायचंय मामा, सरळ वायर ओढा, माझी डोकेफोड वाचेल. मामा ठाम नाही म्हणाले. “तारंला तार लावून तिच्या हातापस्तोर न्यायची न्हाई. हे बिनतारीचं बरं हाये.” मला वाटलं, म्हाताऱ्याला नवलाई. मी सोडून दिलं.

खरी अडचण वेळेची होती. त्या वर्षांत लोडशेडिंगनं आमचा जीव खाल्ला होता. दुपारी गेलेली लाइट चारला यायची आणि दिवेलागणीला परत जायची. साक्षीची दुपारची ड्युटी, लेकराला पाळणाघरात सोडून पुढं दवाखान्यात जायचं. आपल्याकडं साडेचार वाजले की तिनं घर सोडलंच. सुट्टीच्या दिवशी ती आणखी कुठं तरी म्हाताऱ्या माणसांचं करायला जायची, तिथं लेकरू नेता येत नव्हतं. म्हणजे काय तो अर्धा तास. माझ्या क्लासात कॅमेरा नव्हता, आणि लाइट आमच्याही नशिबात तीच.

तर चारला लाइट यायची. मामी केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून स्टुलावर बसलेली. मामा बटण दाबायचे. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, आणि कोपऱ्यातल्या त्या दोन छोट्या पडद्यांच्या चित्रावर लाल फुली. शोधतोय, शोधतोय. मामी विचारायची, “लागलं का?” मामा म्हणायचे, “लागून राहिलं.” कधी लागायचं तेव्हा साक्षी चपला घालून दारात असायची. कधी लागायचंच नाही. एकदा लागलं, चित्र आलं आणि तिथंच गोठलं. त्यात लेकराचा नुसता एक कान. मामी पार पडद्याला नाक लावून बघत बसली. पुढं आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होती, “कान ह्यांच्यावर गेलाय. बाकीचं अजून बघायचं हाये.”

मी काय काय नाही केलं म्हणता. सुरू होताना आपोआप उघडणारी फालतू भरताड काढून टाकली. दुकानदारानं घातलेला जड अँटीव्हायरस काढला, हलका घातला. वायफाय पकडणारी यूएसबीची काडी कॉम्प्युटरच्या मागून काढून पुढं लावली. डबी कोनाड्यातून उचलून फळीवर ठेवली. आपोआप जोडण्याची खूण आहे का बघितली, जुनी नावं पुसली, पासवर्ड नव्यानं घातला. अख्खी विंडोज पुसून परत टाकली एकदा, क्लासची पोरं बाहेर ताटकळत ठेवून. आणि मी बसले की ते शहाण्यासारखं चालायचं. बंद करा, चालू करा, पुन्हा बंद करा, पुन्हा चालू करा, दर वेळी पाणी प्यायला जाऊन येईपर्यंत जोडलेलं. मी घरी गेले की दुसऱ्या दिवशी चारला परत लाल फुली. मामांना वाटायचं माझ्या हाताला गुण आहे. मला वाटायचं हा डबा माझी चेष्टा करतोय.

मग एक दिवस मी न बोलावता गेले. आईनं ज्वारीच्या पापड्या दिल्या होत्या, त्या द्यायला. चारचा सुमार. दारात उभी राहते तर लाइट आली, पंखा फिरला, आणि मामा काय करून राहिले? भिंतीतल्या खोबणीत टेलिफोनची पिन बसवून राहिले. मग डबीचा प्लग घातला. मग डबीला बटण. आणि लगेच आत जाऊन कॉम्प्युटरला बटण.

मी पापड्या तशाच हातात धरून विचारलं, “मामा, ही पिन निघाली कशी?”

“निघाली न्हाई. काढली व्हती म्या. काम झालं की काढून ठेवतो.”

“रोज?”

“रोज म्हंजे? काम झालं की लाइन मोकळी करायची. तू येणार असली की आधीच लावून ठेवतो, मॅडम येतेय, तिचा खोळंबा नको.”

सगळा घोळ एका क्षणात उलगडला, आणि असा राग आला की मामांच्या जागी कोणी दुसरं असतं तर त्या पापड्या त्याच्या डोक्यात घातल्या असत्या. अहो, डबी गार पडलेली असते. तिला जागं व्हायला वेळ, मग एक्स्चेंजकडं लाइन पकडायला वेळ, आणि आमच्या जुन्या तारेवर ती एका फटक्यात पकडत नाही, सुटते, परत पकडते. तोवर कॉम्प्युटर उठून बसलेला. तो वायफाय शोधतो, सापडत नाही, रुसून बसतो. मग मामा घाबरे होतात आणि लाइनमनचा शिरस्ता, सगळं उपटून पहिल्यापासून लावतात. की डबी परत गार. अर्धा तास असा रोज मातीत जात होता, आणि मी विंडोज पुसत बसले होते.

मी मामांना हे सगळं धडाधड सुनावलं. “पिन भिंतीतच राहू द्या. डबी चालूच ठेवा. चारच्या आधी तयार पाहिजे ती. लाइट नसली तर बॅटरीवर ठेवू, पण बंद करायची नाही.”

मामा म्हणाले, “न्हाई जमणार.”

“काहून नाही जमणार? विजा पडायच्या म्हणून काढता? आभाळात कापसाएवढा ढग नाही.”

“पेमा गेला तवाबी आभाळ असंच व्हतं,” मामा म्हणाले, आणि खाली बसले.

पेमा राठोड त्यांचा जोडीदार. मला तो नुसता नावानं माहीत होता, गेला तेव्हा मी शाळेत होते. तेव्हा आमचा परभणी जिल्हा होता आणि गोरेगावपर्यंत खांबाखांबांवरून उघडी तार जायची. मामा सांगत गेले. उन्हाळ्याचे दिवस, दोघं तार ताणत होते, एका खांबापाशी मामा, पुढच्या खांबावर पेमा. डोक्यावर लख्ख ऊन. मामांनी घाम पुसायला तार सोडली. लांब गोरेगावच्या अंगाला कुठं तरी ढग असेल, तिकडं वीज तारेवर पडली आणि तारेनं धावत इथं आली. मामांच्या हातात तेव्हा रुमाल होता, पेमाच्या हातात तार होती. “आवाजबी झाला न्हाई. खांबावरून पडला तवा मला कळलं.” तेव्हापासून काम संपलं की मामा लाइन सोडवायचे. ऑफिसात, घरात, लोकांच्या घरी गेले तरी. बिनतारीचं का हवं होतं, तेही मला तेव्हा कळलं. जी तार पेमाच्या हातात होती, ती जनकामामीच्या हाताशी आणायची नव्हती त्यांना.

तरी मी पिनेचं तेच परत बोलले. आतून मामी म्हणाली, “दीपमाला, राहू दे पोरी. त्यांना तकलीफ देऊ नको. मी थांबते की.”

ती थांबायला तयार होती. डोळे थांबत नव्हते.

मग दिवस वाईट गेले. तुरीच्या डाळीत खडे राहायला लागले, मामा ते न बोलता ताटाच्या कडेला सारायचे. मामी भिंतीला हात लावून न्हाणीत जायची. थेंब चुकायचे नाहीत, मामा स्वतः टाकायचे, पण नांदेडचे डॉक्टर दर खेपेला टॉर्च मारून तेच थेंब परत लिहून द्यायचे. आम्ही एक मधला मार्ग काढला, लाइट यायच्या आधी पिन लावायची, लाइट आली की आधी डबीला बटण, दिवा स्थिर झाला की मगच कॉम्प्युटर. फरक पडला, पण आमची तार ती, डबी जागी होऊन लाइन धरेपर्यंत सव्वाचार साडेचार व्हायचेच. एका दुपारी मामी चहा देत होती. कप मामांनी पुढं धरला होता आणि चहा ती त्यांच्या मनगटावर ओतत होती. मामा हलले नाहीत, हात मागं घेतला नाही, ओरडले नाहीत. ती ओतून झाल्यावर म्हणाले, “बास, भरला.” हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि घरी येऊन चुलीपुढं रडले.

दुसऱ्या दिवशी मामा क्लासात आले. मनगटाला हळद लावलेली. म्हणाले, “ते बॅटरीचं कसं करायचं, सांग.”

थावरा, पेमाचा पोरगा, सेनगाव-गोरेगाव काळी-पिवळी जीप चालवतो. त्याच्याकडं जुनी बॅटरी पडून होती. मामा स्वतः होऊन त्याच्याकडं मागायला गेले, आणि कशासाठी हवी तेही त्याला सांगितलं. थावरानं बॅटरी खांद्यावर आणून दिली. म्हणाला, “काका, माझा बाप जाऊन लई वर्षं झाली. तुमी किती दिवस खांबाखाली उभं राहणार? लावा.” मी डबी बॅटरीवर घेतली. मामांनी टेलिफोनची पिन भिंतीत बसवली आणि हात मागं घेतला.

मे महिना चालू होता. वळवाचे ढग रोज दुपारी गोरेगावकडून यायचे. मामा खुर्ची टाकून त्या पिनेशेजारी बसून राहायचे. गडगडलं की हात पिनेकडं जायचा आणि परत मांडीवर यायचा. मामीला म्हणायचे, “तू आतल्या खाटेवर पाय वर घेऊन बस.” खरं तर पहिल्याच दिवशी जमलं असतं, पण नेमकं साक्षीकडं नेट बंद पडलं होतं. मग तिची ड्युटी बदलली, मग लेकरू तापलं. महिना सरत आला.

एकदाचा साक्षीचा फोन आला, उद्या सगळं जुळतंय म्हणून. मी क्लास लवकर सोडला. गेले तेव्हा मामी स्टुलावर बसलेली, जांभळं लुगडं नेसून, केसाला तेल लावून. डबीवरचे दिवे आधीपासून हिरवे. चारला लाइट आली. मामांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि कोपऱ्यातली लाल फुली दिसली न दिसली तोच गेली. जोडलं गेलं. इतके महिने मी ज्याच्यासाठी डोकं आपटलं, ते इतक्या गुमान झालं की आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

लगेच साक्षीचं बोलावणं वाजलं. मी उचललं. पडदा भरून चित्र आलं, स्वच्छ, न थांबणारं. साक्षी, आणि तिच्या मांडीवर लाल स्वेटर घातलेला सम्यक. गुबगुबीत, पुढचे दात आलेले. साक्षीनं त्याचे हात जोडून धरले आणि तो म्हणाला, “आजी, जय भीम.”

मामीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “जय भीम माझ्या राजा, जय भीम.” लेकरू हसलं. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली, मामीच्या गालाला पडते तशी. अगदी तीच. मी मामीकडं बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि ती पडद्याच्या जरा बाजूला, भिंतीकडं बघून हसत होती.

“आवाज आला बरं का,” मामी म्हणाली. “आता चित्र येईल. चित्राला वेळ लागतो.”

साक्षी तिकडून म्हणाली, “आई, अगं...” आणि थांबली. तिनं तोंडावर हात धरला. लेकरू उठून नाचायला लागलं, पडद्यात पुढं आलं, मागं गेलं, हललं, हसलं, मामीला बघायचं होतं ते सगळं त्यानं केलं. मामी हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी वाट बघत राहिली. मग तिनं विचारलं, “लागलं का हो?”

ती मनाशी जाणून होती का नाही, मला आजही सांगता येत नाही. मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही. माझं तोंड, जे कधी बंद राहत नाही.

मामा पडद्याकडं बघत होते. त्या खळीकडंच बघत असणार. मग मामीच्या मागं येऊन त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“न्हाई लागलं अजून, साक्षीच्या माय,” ते म्हणाले. “लाइन खराब हाये.”

हे सोनाजीमामा म्हणाले.

“असू द्या,” मामी म्हणाली. “तुमी तरी किती करणार. उद्या बघू.” मग पडद्याकडं तोंड करून ती नातवाशी बोलत राहिली, काय खाल्लं, कोण न्हाऊ घालतं, पाणी लई गरम तर नसतं ना. तो त्याच्या बोबड्या मराठीत उत्तरं देत राहिला. साडेचारला साक्षीला निघावं लागलं. डोळे पुसून ती निघाली.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. गोरेगावच्या अंगाला जोरात कडाडलं. मी भिंतीतल्या पिनेकडं बघितलं, मग मामांकडं. मामांनी तिकडं मान वळवून बघितलंही नाही. मामीच्या हाताला धरून ते तिला न्हाणीकडं घेऊन गेले.